जाग्या घरातली येळवस

आज सकाळी नातसून बाजारातून आली ती दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन. तुरीच्या शेंगा, ओला वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, मेथी, कांद्याची पात, वर चिंचेचा गोळा. सगळं तिनं स्वयंपाकघरात ओतलं आणि या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला शेताचा वास सुटला. उद्या येळवस! मार्गशीर्षातली अमावस्या. पुस्तकात तिला वेळा अमावस्या म्हणतात, आम्ही बीदर-गुलबर्ग्याकडची माणसं येळवस म्हणतो. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. दाराला कड्या घालून सगळा गाव शेतात जेवायला जातो, उभ्या पिकात, काळ्या मातीत बसून. जोंधळा पोटरीत आलेला असतो, म्हणजे भुई पोटुशी असते आणि तिचे डोहाळे पुरवायचे असतात.

मी शेंगा सोलायला बसले. नखं हिरवी झाली, बोटांना हरभऱ्याची आंब चढली, आणि मला हसू फुटलं. नातसून म्हणाली, "आजी, रात्री लवकर झोपा बरं का, गोळी ठेवलीय उशाला." अगं, आज कसली गोळी! येळवसेच्या आदल्या रात्री आमच्याकडे बाई झोपली तर लोक तिचं अंग तापलंय का ते हात लावून बघायचे.

झोप न येण्याचे किती प्रकार असतात, ते मला त्या एका वर्षी कळले. निजामाचं राज्य होतं. माझं माहेर जनवाडा, सासर दुबलगुंडी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, वय असेल सोळा-सतरा. आमचे हे गुलबर्ग्याला गिरणीत कामाला, सणावारी यायचे. मामा म्हणजे माझे सासरे पीक उभं असलं की राखणीला शेतातच निजायचे. घरात आम्ही तिघी. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गंगू, माझी नणंद, आणि मी.

गंगू माझ्याएवढीच. नणंद कसली, त्या परक्या घरात मला मिळालेलं माहेरच होती ती. रात्री दाराशी आत्याबाई, मधे गंगू, भिंतीला मी. अंथरुणात पडलं की तिची कुजबुज सुरू व्हायची. आज मल्लम्माच्या म्हशीनं कसं केलं, पटवाऱ्याची टोपी वाऱ्यानं कशी उडाली, आणि तो बिचारा घोड्यावरून उतरावं की टोपीमागं घोडा पळवावा या विचारात कसा गोल गोल फिरत राहिला. हसू दाबायला आम्ही गोधडीचं टोक तोंडात कोंबायचो. दाराकडून आत्याबाईंचा आवाज यायचा, "निजा ग भवान्यांनो!" मग आणखीच हसू.

भादव्यात गंगूला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. हळ्ळीखेडच्या एका घराशी तिच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं.

त्यानंतर दाराशी आत्याबाई आणि भिंतीला मी. मधे दीड हाताची जागा. आत्याबाई इकडे सरकल्या नाहीत, मी तिकडे सरकले नाही. त्या जागेवर कुणी कपड्याची घडीसुद्धा ठेवत नव्हतं.

मला झोप येईना. सुरुवातीला वाटलं, दुःखानं झोप उडालीय, येईल हळूहळू. पण खरं सांगायचं तर मीच तिला येऊ देत नव्हते. कारण एकदा पहाटे डोळा लागला आणि जाग आली तेव्हा मी कुशीवर वळून म्हणाले, "गंगे, ऊठ की." क्षणभर ती होती. पुढच्या क्षणी नव्हती. भादव्यात एकदा गेली होती, त्या पहाटे पुन्हा गेली. झोपलं की उठावं लागणार आणि उठलं की ती पुन्हा जाणार. त्यापेक्षा जागंच राहिलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं.

सुनेनं नणंदेसाठी किती दिवस रडायचं असतं, याचं माप लोकांच्या मनात असतं. माझं माप तेराव्याला संपलं. म्हणून मी झोपेचं सोंग शिकले. श्वास लांब घ्यायचा, थोडा थांबवायचा, मधूनच घशातून बारीक आवाज काढायचा. चांगलं जमलं होतं मला.

मग एके रात्री ध्यानात आलं, की आत्याबाईंच्या बांगड्या वाजत नाहीत. झोपलेली बाई कूस बदलते तेव्हा बांगड्या वाजतातच. आत्याबाई कूस बदलत होत्या, गोधडी सरसरायची, बांगडी मात्र चूप. अंधारात टक लावून बघितलं तर त्यांनी दोन्ही हातांतल्या बांगड्या वर, पार कोपरापर्यंत चढवून आवळून धरल्या होत्या. सुनेला कळू नये म्हणून.

म्हणजे त्याही सोंगच करत होत्या! दोघी जाग्या, दोघी निजल्याचं नाटक करणाऱ्या, आणि मधे ती जागा. असे साडेतीन महिने गेले. दसरा गेला, दिवाळी गेली. घरात पणती लागली नाही.

आत्याबाई वाळत चालल्या. डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं झालं. मामांनी हुमनाबादच्या एका हकिमाकडून सरबताची बाटली आणली, रात्री दोन चमचे घ्यायचं म्हणून. आत्याबाई मान डोलवायच्या आणि रोज दिवेलागणीला परसात जाऊन दोन चमचे शेवग्याच्या बुडाशी ओतून यायच्या. मी बघायचे, बोलायचे नाही. त्या वर्षी आमच्या शेवग्याला मात्र गाढ झोप लागत असणार.

तसं मी आज हसून लिहिते. तेव्हा हसू नव्हतं. सासू-सून दिवसभरात दहा शब्द बोलत नव्हतो. मला वाटायचं, यांच्या मनात येत असेल की माझी लेक गेली आणि ही परकी पोर राहिली. त्यांच्या मनात काय होतं ते मला कधी कळलं नाही, आणि पुढं विचारायची गरजही पडली नाही.

येळवस जवळ आली. मल्लम्मा आमच्या शेजारची, कानडी बोलणारी, तोंडानं फटकळ. ती ओट्यावर येऊन म्हणाली, "अक्का, भुईचे डोहाळे चुकवू नये. दिवाळी न्हाई केलीस, ठीक हाय. हे कसं चुकवशील?"

आत्याबाई म्हणाल्या, "भुईच्या पोटात पीक हाय, तिनं डोहाळे पुरवून घ्यावेत. माझ्या पोटातलं गेलं. माझ्या घरात यंदा येळवस न्हाई."

मल्लम्मा गेली. यंदा सण नाही म्हणून आमचे हेही गुलबर्ग्याहून येणार नव्हते. मी आत जाऊन डोळे पुसले. गंगूला सगळ्या सणांत येळवस प्यारी. शेतात आंबील शिंपडत पिकातून धावायचं आणि आरोळी द्यायची, ते काम तिचं. तिची आरोळी अशी खणखणीत, की पलीकडच्या शिवारातली माणसं भाकरी हातात धरून उभी राहायची.

आणि ती आदली रात्र आली. संध्याकाळपासून गल्लीला नुसतं उधाण. घरोघरी चुली धडधडलेल्या. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवायचे गोळे, वळले जात होते, कुठं भज्जीला फोडणी बसत होती. भज्जी म्हणजे तुमची तळलेली भजी नव्हे. शिवारात जेवढं हिरवं आहे तेवढं सगळं चिंचेच्या कोळात आणि हरभऱ्याच्या पिठात एकत्र शिजवायचं, ती येळवसेची भज्जी. तिचा वास भिंती मानत नाही. बाया या दारातून त्या दारात ओरडून मीठ मागत होत्या, कुणाचं लेकरू तव्याजवळच आडवं झालं होतं, कुत्रीसुद्धा जागी. आणि मधोमध आमचं घर, अंधारं, दार लावलेलं. दोघी आपापल्या जागी पडलेल्या, लांब श्वास घेत, थोडा थांबवत.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम अंधारात बांगड्या वाजल्या. खळकन, सगळ्या एकदम. आत्याबाई उठून बसल्या होत्या.

"पारे, ऊठ. पुरे झाली सोंगं."

मी श्वास तसाच लांब ठेवला.

"आगं, ऊठ की! भादव्यापासून जागी हाईस तू. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी उठून बसले. "तुमी बी जाग्याच हाव की, आत्याबाई."

"मग? निजलेय म्हणून मी कवा सांगितलं तुला?" त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला. "सगळी गल्ली जागी हाय. आज तरी सोंग कामून करायचं? चूल पेटव."

"पर यंदा करायची न्हाई म्हणलाव न्हवं?"

"म्हणले व्हते. आता करायलेय."

मी चूल पेटवली. उजेड पडला आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग शिंकाळी, मडकी, डबे धुंडाळले. घरात काय असणार? मूठभर शेंगदाणे, चिंच, बाजरीचं थोडं पीठ. हिरवं पान नाही. आंबिलीला तर आदल्या दिवशी पीठ आंबवून ठेवावं लागतं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, मग मला टोपलं दिलं, स्वतः एक घेतलं.

"तू ह्या बाजूनं जा, मी त्या बाजूनं. लाजू नको."

आणि आम्ही धावलो! अमावस्येच्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत, पायांत वहाण नाही. सासू एका अंगानं, सून दुसऱ्या अंगानं. समोरच्या दारात खैरूनखाला शेंगा सोलत बसली होती. त्यांचंही शेत होतं, त्यांचीही येळवस होती. मला बघून ती दचकलीच. "क्या हुआ माँ? इत्ती रात कू?"

"खाला, आत्याबाई येळवस करायल्यात!"

तिनं माझ्याकडे बघितलं, सोललेल्या दाण्यांचं सूप उचललं आणि सगळंच्या सगळं माझ्या टोपल्यात उपडं केलं. "लो, लेको जाओ. मैं और छीलतूं." पुढच्या घरी मेथी मिळाली. त्याच्या पुढे कांद्याची पात, कुणी ओल्या मिरच्या, कुणी गाजरं. प्रत्येकीची एक मूठ. कुणी 'यंदा तर तुमच्याकडं करायची नव्हती ना' असं विचारलं नाही. मी म्हणायचे, "आत्याबाई करायल्यात," आणि त्या बाईचा चेहरा चुलीपेक्षा जास्त उजळायचा. माझ्या पायांना जमीन लागत नव्हती.

परत आले तर आत्याबाई मल्लम्माच्या दारात. मल्लम्माचं आंबिलीचं मोठं मडकं मधे ठेवलेलं, आणि ती आमच्या बिंदग्यात, पितळी घागरीत, अर्धी आंबील ओतत होती. दोघींचे डोळे वाहत होते आणि दोघी भांडत होत्या.

"एवढी नको ग, तुला काय उरंल?"

"तगो अक्का, तगो. घे म्हणते तर घे!"

उरलेली रात्र कशी गेली सांगता येत नाही. मी चिरत होते, त्या ढवळत होत्या. आणि मधेच आत्याबाई गंगूचं नाव घेऊन बोलायला लागल्या. साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदा. ती लहानपणी उंड्यांच्या बाहुल्या करायची, एकदा आंबिलीच्या मडक्यात वाकून पडली होती, केसांतून दोन दिवस ताकाचा वास येत होता. मी पटवाऱ्याच्या टोपीची गोष्ट सांगितली. आत्याबाई एवढ्या हसल्या, की चुलीपुढची फुंकणी हातातून सुटली. "आस्सं! म्हणून खिदळत व्हत्या व्हय रातच्याला? मला कामून सांगितलं न्हाई कधी?" हसता हसता रडल्या, रडता रडता भज्जीत मीठ पडलं का म्हणून विचारलं. मीठ दोनदा पडलं होतं. चिंच वाढवली.

उजाडलं तशी त्यांनी आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेतलं, मी भज्जीचं पातेलं. शेताची वाट धरली. गहू हातभर आलेला, जवसाची निळी फुलं, दवानं ओला धुरळा. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. आत्याबाईंचा निश्चय ऐकून ते मुकाट्यानं राखणीला गेले होते. बांध ओलांडला आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

शेताच्या मधोमध कोप उभी होती. येळवसेला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी खोपटी बांधतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, पाच पांडव म्हणून. सगळं तयार. दगडांवरचा चुना अजून ओला. आणि मामा धोतराला चुन्याचे हात पुसत, चोरी पकडल्यासारखे उभे.

"आगं, तू... तुमी दोघी..." ते चाचरले. "मी आपलं सवयीनं बांधली ग. बाकी काय न्हाई."

"रातभर बांधत व्हता व्हय?" आत्याबाईंनी विचारलं.

"झोप येत न्हवती."

आत्याबाईंनी बिंदगं उतरवून त्यांच्या हातात दिलं. मला वाटतं, त्या घरात कोण कोण जागं आहे याचा हिशोब त्या क्षणी आम्हा तिघांनाही लागला.

पूजा झाली. आता आंबील शिंपायची वेळ. मामांनी कडुलिंबाचा डहाळा आंबिलीत बुडवला आणि थांबले. आरोळी कोण देणार? आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पारे, चल."

मी? सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, मान वर न करणारी सून, मी ओरडू? मी तोंड उघडलं, कोंबडीच्या पिलासारखा आवाज निघाला.

"आस्सा? गंगी लाजंल की! मोठ्यानं!"

मग मी ओरडले. कुठून आलं ते ठाऊक नाही. भादव्यापासून गोधडीच्या टोकात कोंबलेलं सगळं बाहेर आलं. मामा डहाळ्यानं आंबील उडवत पुढं, मागं मी, माझ्या मागं आत्याबाई, त्याही ओरडायला लागलेल्या. जोंधळ्याची पानं तोंडाला चाटून जात होती, दवानं लुगडी चिंब, पदर खांद्यावर. "आणिक! आणिक मोठ्यानं!" आत्याबाई मागून ओरडत होत्या. शेजारच्या शिवारातून उलट आरोळी आली, मग तिच्या पलीकडून, मग आणखी लांबून. सगळं रान ओरडत होतं. पोपटांचा थवा एकदम उठला आणि आमच्या डोक्यावरून हिरवागार निघून गेला.

परत येऊन बसतो न बसतो तोच बांधावर माणसं दिसली. पुढं मल्लम्मा, मागं खैरूनखाला, मागं सगळी गल्ली. कुणालाच बोलावणं नव्हतं. मल्लम्मा लांबूनच ओरडली, "आमची मूठ कशी शिजली, बघायला आलाव!"

मी ताटं मांडायला घेतली. आत्याबाई म्हणाल्या, "पारे, किती दिस झोप न्हाई तुला. जा, कोपीत जराशी पड. मी जागी हाय, मी बघते सगळं." आणि मला दाखवायला म्हणून, कुठं पडायचं ते, त्या स्वतःच कोपीत शिरल्या, कडब्यावर हात फिरवला, टेकल्या. मी पातेलं झाकून वळून बघते तो त्या झोपलेल्या. पांडवांच्या शेजारी, तोंड उघडं, चक्क घोरत होत्या. कूस बदलली तशा बांगड्या मोकळ्या मनगटावर खळखळल्या.

मला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. मी कोपीच्या तोंडाशी बसले आणि ओठांवर बोट ठेवलं. सगळी गल्ली जागच्या जागी गप्प झाली. येळवस, आणि गप्प! तीस-चाळीस माणसं खुणांनी जेवली. खैरूनखाला भुवयांनी विचारत होती भज्जी हवी का, मल्लम्मा हातानं सांगत होती उंडा वाढ. लेकरांना बोरं देऊन बांधापलीकडे पिटाळलं. कुणाच्या हातून ताट निसटलं तर चौघांनी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचारा पाणीसुद्धा न पिता उठला. मामा दूर बाभळीखाली बसून नुसते कोपीकडे बघत होते.

आज डॉक्टर मला झोपेची गोळी देतात तेव्हा मी त्यांना हे सांगावं म्हणते आणि सांगत नाही. झोप कुणी आणून देत नसतं, असं मला वाटतं. जागं असण्याची चोरी आधी उघडी पडावी लागते. कुणीतरी अंधारात म्हणावं लागतं, जागी हाईस ना, मी बी हाय. पुढंही कितीतरी रात्री आम्हा दोघींना झोप आली नाही. पण मग त्या रात्री आम्ही बोलत काढल्या.

सूर्य कलला. संध्याकाळी पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची असते, मामा तिच्यासाठी खोळंबले, पण उठवायला कुणी तयार होईना. शेवटी त्या आपणच उठल्या, उठल्या उठल्या कडाडल्या, "उठवलं न्हाई कामून? भांडी कुणी घासायची?" भांडी घासून झाली होती. पेंढी पेटली, मामा पळाले, उजेड पिकाच्या कडेकडेनं धावत गेला आणि सगळ्या शिवारांतून तसेच उजेड धावताना दिसले.

परतताना कुणाच्या तरी बैलगाडीत बसलो. एवढंच आठवतं, की बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. पुढचं मला माहीत नाही. गाडीतून मला कुणी उतरवलं, गोधडी कुणी पांघरली, ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन माझ्या पायांवर होतं. सून, आणि ऊन पायांवर येईस्तोवर निजलेली! धडपडून उठले. गंगू नाही हे आठवलं, पण धावता धावता आठवलं, आणि पाय थांबले नाहीत. पहाटेचं दळण माझं असायचं. जात्यापाशी गेले तर जातं थंड, पाळीवर पिठाचा कण नाही. आणि टोपल्यात तर ताज्या भाकऱ्यांची चवड, वाफाळणारी. पीठ आलं कुठून? आत्याबाई परसात गाईला कडबा टाकत होत्या. "तोंड धू," एवढंच म्हणाल्या.

घागर घेऊन विहिरीवर गेले. खैरूनखाला मला बघून हसायलाच लागली.

"पारू, तेरी सास फजर में जवारी की टोकरी सर पो रखको आई हमारे घर कू. पीसने कू बैठी. मैं बोली, माँ, तुम्हारे घर में चक्की हई ना? बोली, हौ, है. पन उसका आवाज होता. बहू सोई है."